दिवाणजी, वह्या दोन आहेत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "गुळाच्या अडत पेढीवर बावीस वर्षं दिवाणजी होतो. आता वय ६१. मुलगी सासरी, आम्ही दोघं कोल्हापुरातच. नोकरीत तीन हंगाम शेतकऱ्यांच्या पट्टीत (माल विकल्याच्या हिशेबात) तोलाई-हमाली जादा लावून साधारण ६२,००० रुपये खिशात घातले. पुढं एकदा गल्ल्यातले ११,५०० उचलले. संशय एका हमालावर गेला. मालकांनी त्याला सगळ्यांसमोर काढून टाकलं. मी तिथंच वही पुढ्यात घेऊन बसलो होतो, गप्प राहिलो. याला चौदा वर्षं झाली. मालक वारले, पेढी मुलगा बघतो. हमाल पन्हाळ्याकडच्या त्याच्या गावी असतो. रोज रात्री देवाकडे क्षमा मागतो, एकेका रात्री वीस-वीस वेळा, पण मिळाल्यासारखं वाटत नाही. सहा वर्षं चर्चमध्ये प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेतलेलं नाही. मेहुणे बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातलं वचन काढून म्हणतात, जाणूनबुजून केलेल्या पापाला क्षमा नाही. तालमीतला जुना दोस्त उलट हसतो, 'तुमच्यात बरं हाय की, चुकायचं आणि माफी मागून मोकळं व्हायचं.' रंकाळ्यावर फिरायला गेलो की पाण्याकडे बघून नको ते विचार येतात. बायकोला यातलं काही माहीत नाही. फादरकडे जाऊन पापनिवेदन करू का?"

प्रिय बंधू,

आधी रंकाळ्याचं बोलू. ते विचार पुन्हा आले तर तिथं एकटे थांबू नका. घरी या आणि १४४१६ हा क्रमांक लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. याच आठवड्यात सीपीआर रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही भेटा. एकच प्रार्थना रात्रीतून वीस वेळा म्हणावी लागणं आणि विसाव्यांदाही ती पोचली नाही असं वाटणं, ही अनेकदा अति शंकेची व्याधी असते आणि तिच्यावर उपचार आहेत. यात अविश्वास नाही. ताप आला तर आपण प्रार्थनाही करतो आणि गोळीही घेतो.

आता मेहुण्यांचं वचन. इब्री १०:२६. ते एकटं वाचलं की छातीत धस्स होतं, हे खरं. पण त्याच्या आधीची ओळ मंडळीत (चर्चच्या समुदायात) एकत्र येणं सोडून देणाऱ्यांबद्दल आहे, आणि २९ व्या वचनात देवाच्या पुत्राला पायदळी तुडवणाऱ्याचं चित्र आहे. ज्यांना हे पत्र लिहिलं, त्यांनी विश्वासापायी मारहाण सोसली होती, मालमत्ता गमावली होती. आता ख्रिस्तालाच सोडून मागं फिरावं, असं त्यांच्यातल्या काहींच्या मनात घोळत होतं. ग्रीक मुळातलं क्रियापद 'करीत राहणं' या अर्थाचं आहे. एकदा पडलेला माणूस रडत परत येतोय, त्याच्या तोंडावर दार लावायला हे वचन लिहिलेलं नाही.

आणि हा वाद मेहुण्यांनी आज काढलेला नाही. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसनं सगळ्यांना देवतांपुढं यज्ञ करून तसा दाखला घ्यायला लावलं. कित्येक ख्रिस्ती लोकांनी भीतीनं यज्ञ केला. काहींनी तर यज्ञ न करताच लाच देऊन दाखला मिळवला (कागदाची लबाडी तेव्हाही होतीच). छळ ओसरल्यावर ही माणसं चर्चच्या दाराशी आली. रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाही. रोमचे बिशप कॉर्नेलियस आणि कार्थेजचे सिप्रियन म्हणाले, पश्चात्ताप पारखून घ्या, पण त्यांना आत घ्या. चर्चनं यांचं मानलं. ३२५ मध्ये नायसिया इथल्या परिषदेनं नोव्हेशियनच्या पंथातून परतणाऱ्या धर्मगुरूंना एक अट घातली. पडलेल्या आणि पश्चात्ताप केलेल्या लोकांशी आम्ही सहभागिता ठेवू, असं त्यांनी लेखी द्यायचं. म्हणजे मेहुण्यांचं मत धरणाऱ्यांकडूनच सतराशे वर्षांपूर्वी लेखी घेतलं गेलंय.

'अक्षम्य पाप' हे शब्द तुमच्या पत्रात नाहीत, पण ओळींच्या मधून ते डोकावतात. मार्कच्या शुभवर्तमानात, ३ऱ्या अध्यायात ते पाप कोणाचं आहे ते पाहा. देवाचं काम समोर दिसत असून ते सैतानाचं आहे असं ठरवून सांगणाऱ्या शास्त्र्यांचं. त्यांना क्षमा नकोच होती, तुम्ही ती रात्रीतून वीस वेळा मागता.

मग मिळाल्यासारखं का वाटत नाही? आमच्या मते याचं कारण असं, की तुम्ही दिवाणजी असूनही दोन वह्यांची एक करून बसला आहात. एक वही देवाकडची, दुसरी त्या हमालाची आणि शेतकऱ्यांची. दुसऱ्या वहीतली येणीदेणी तुम्ही रोज रात्री पहिल्या वहीत मांडता, आणि ताळा जमत नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून बेरीज धरता.

पहिली वही आधी. कलस्सै २:१४ मध्ये प्रेषित पौलानं वापरलेला शब्द तुमच्या धंद्यातला आहे. देणेकऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलेल्या कर्जाच्या चिठ्ठीला ग्रीकमध्ये तो शब्द होता. तुमच्याविरुद्धची ती चिठ्ठी देवानं पुसली आणि वधस्तंभाला खिळून टाकली, असं पौल सांगतो. म्हणूनच १ योहान १:९ मध्ये आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो याचं कारण देताना तो 'विश्वासू आणि न्यायी' आहे असं म्हटलंय. तिथं 'दयाळू' हा शब्द यायला हवा होता असं आपल्याला वाटतं. पण योहानानं न्यायाचा शब्द घातला, कारण देणं फिटलेलं आहे आणि फिटलेलं देणं पुन्हा मागणं अन्याय ठरेल. ही क्षमा तुमच्या वाटण्यावर टांगलेली नाही. पट्टी फिटली की फिटली, शेतकऱ्याला त्या रात्री झोप लागो न लागो.

तेव्हा आज रात्री असं करा. एका कागदावर तीन ओळी लिहा: काय केलं, कोणाचं नुकसान झालं, किती. 'मी पापी आहे, माझ्या सर्व चुका क्षमा कर' एवढं मोघम नको. मोघम कबुलीत माणूस लपतो. कोल्हापुरातल्या मंडळीला हे नवीन नाही. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथं आले आणि १८७० पासून हे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. त्या परंपरेच्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात (आपण काय मानतो ते सांगणाऱ्या लेखात) पश्चात्तापावर १५ वा अध्याय आहे. त्यात सर्वसाधारण पश्चात्तापावर समाधान मानू नये, एकेका पापाचा नावानिशी पश्चात्ताप करावा, असं स्पष्ट सांगितलंय. त्याच अध्यायात आणखी दोन गोष्टी आहेत. खरा पश्चात्ताप करणाऱ्याला नरकात नेईल एवढं मोठं कोणतंच पाप नाही. आणि पश्चात्ताप हा स्वतः पापाची भरपाई नाही, त्यावर भिस्त ठेवायची नाही. तुमचं अडलंय ते या दुसऱ्यापाशी. पुरेसं रडलो, पुरेशा वेळा मागितलं की क्षमा पदरात पडेल, असा तुमचा समज झालाय. हा नवस झाला, फक्त येशूला बोललेला.

कागद वाचून दाखवा, ५१ वं स्तोत्र वाचा, खाली तारीख घाला. मग तो कागद बायबलमध्ये ठेवा. उद्या रात्री पुन्हा मागावंसं वाटलं तर मागू नका, तारीख बघा आणि आभार माना. पहिले पंधरा दिवस हे जड जाईल.

फादरकडे जाऊ का, असं विचारलंत. कॅथलिक शिकवणीत पापनिवेदन हा एक संस्कार आहे. त्याचे पश्चात्ताप करणाऱ्याकडून होणारे तीन भाग ट्रेंटच्या परिषदेनं १५५१ मध्ये सांगितले: मनापासूनचं दुःख, धर्मगुरूपुढं तोंडी कबुली, आणि भरपाईसाठी सांगितलेलं प्रायश्चित्त. मग धर्मगुरू पापमुक्ती देतात. दुःख पूर्ण प्रेमातून आलेलं नसलं, नुसत्या शिक्षेच्या भीतीतून आलेलं असलं, तरी संस्काराला ते चालतं. ही सवलत फार मोलाची आहे. पण कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती माणसाला हा संस्कार एरवी दिला जात नाही, मरणाचा धोका वगैरे अपवाद सोडले तर. फादर तुमचं ऐकून घेतील, सल्लाही देतील. तुमचा मार्ग मात्र तुमच्या प्रोटेस्टंट मंडळीच्या पाळकसाहेबांकडून जातो. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं, आणि माणसाच्या तोंडून 'तुला क्षमा आहे' हे कानांनी ऐकण्याची गरज असते. बोलायच्या आधी एवढं विचारून घ्या, की हे दोघांतच राहील ना. फादरांवर पापनिवेदनाच्या गुप्ततेचं बंधन अपवादाविना असतं, इतर मंडळ्यांत ते बरंचसं त्या माणसाच्या सचोटीवर असतं. आणि फादरकडे गेला असतात तरी एक गोष्ट टळली नसती: चोरलेलं परत करण्याचं देणं पापमुक्तीनं माफ होत नाही, हे कॅथलिकही तितक्याच ठामपणे शिकवतात.

म्हणजे दुसरी वही.

इथं तुमचा सोबती जकातदार जक्कय आहे, लूक १९. तोही शेकडो लोकांकडून थोडं थोडं जादा उकळणारा, तुमच्या पट्टीसारखंच. त्या गोष्टीतला क्रम नीट बघा. येशू झाडाखाली थांबून 'आज मला तुझ्या घरी राहायचंय' म्हणतो, तोवर जक्कयानं एक दमडीही परत केलेली नाही, कबूलही केलेली नाही. दया आधी घरात आली, हिशेब नंतर निघाला. उलट क्रम लावला की परतफेडीची लाच होते. आणि दया आल्यावर हिशेब निघालाच नाही, तर तालमीतल्या दोस्ताचं हसणं खरं ठरतं. रोमकरांस ६ ची सुरुवात पौलानं याच टोमण्याला उत्तर देऊन केली आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, या प्रश्नाला त्याचं उत्तर आहे: मुळीच नाही.

किती द्यायचं? मोशेच्या नियमशास्त्रात स्वतःहून कबूल करणाऱ्याला मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा सांगितलाय (लेवीय ६, गणना ५). चोरलेलं मेंढरू मारलं वा विकलं तर चौपट (निर्गम २२). जक्कयानं चौपटीचा मोठा दर आपणहून लावून घेतला, वर निम्मी मालमत्ता गरिबांना. चौपट हा तुमच्यावर कायदा नाही. तुमचा साधा हिशेब असा: गल्ल्यातले ११,५०० अधिक पाचवा हिस्सा २,३००, म्हणजे १३,८००. पण चौदा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया एक नाही. सात टक्के सरळ व्याज धरलं तरी ११,५०० चे २२,७७० होतात. तेव्हा दुप्पट धरा, आणि त्यात घासाघीस करू नका. शेतकऱ्यांच्या ६२,००० लाही तोच न्याय, म्हणजे १,२४,०००. एकरकमी नसतील तर हप्ते बांधा, लिहून ठेवा.

गल्ल्यातले पैसे मालकांच्या वारसाचे. शेतकऱ्यांपैकी ज्यांची नावं-गावं आठवतात किंवा जुन्या वह्यांत सापडतील, त्यांचे त्यांना. बाकीच्यांचं काय? गणना ५:८ मध्ये हीच अडचण आहे. ज्याचं नुकसान केलं तो नाही आणि घ्यायला त्याचा आप्तही नाही, तर ती रक्कम देवाची. चर्चच्या परंपरेत ती गरिबांना द्यायची, शक्यतो ज्या गोटातून काढली त्याच गोटाला. गुऱ्हाळावर राबणाऱ्या किंवा ऊस तोडणाऱ्या कुटुंबातल्या मुलांच्या शाळेला देणं आम्हाला सगळ्यांत सरळ वाटतं. देणगीदारांच्या फळीवर नाव लागेल अशा ठिकाणी देऊ नका. चोरीच्या पैशांवर दातृत्वाची पाटी लागलेली आधीच पुष्कळ आहे.

हे सगळं झालं तरी खरी बाब बाकी आहे, आणि ती रुपयांत बसत नाही. त्या माणसाचं नाव गेलं. मत्तय १८ मधल्या निर्दय दासाची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. पहिल्याचं देणं दहा हजार टॅलंट. एक टॅलंट म्हणजे सुमारे ६,००० दिनार, एक दिनार म्हणजे एक दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवस. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षांची मजुरी, आणि राजानं ती एका क्षणात सोडली. त्याच दासाला दुसरा दास शंभर दिनार देणं लागत होता, आणि ते मात्र यानं सोडलं नाही. त्यापुढं ते किरकोळ, असं आपण चटकन म्हणतो. पण शंभर दिवसांची मजुरी हमालाला किरकोळ नसते, बाजारसमितीत गुळाचे तीस किलोचे रवे पाठीवर वाहणाऱ्याला विचारा. शिवाय हे शंभर दिनार त्याचे आहेत. देवानं तुमचं देणं सोडलं म्हणून त्याचंही परस्पर सोडलं, असं होत नाही.

तेव्हा त्याच्याकडे जा. आधी बायकोला सांगा, कारण पैसे घरातून जाणार आणि गोष्ट गावात कळणार. तिला ती तुमच्याच तोंडून कळली पाहिजे. मग एका वकिलाचा तासभर सल्ला घ्या. नोकरानं केलेल्या अपहाराला त्या वेळच्या भारतीय दंड संहितेत कलम ४०८ होतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत संपत नाही. म्हणजे पेढीच्या मालकानं तक्रार केली तर ती उभी राहू शकते. दावीद राजाला नाथान संदेष्ट्याच्या तोंडून क्षमा मिळाली त्याच दमात परिणामही सांगितले गेले. दया म्हणजे परिणामांतून सुटका असं शास्त्रात कुठंच नाही. वकिलाकडे पळवाट विचारायला जाऊ नका, डोळे उघडे ठेवून जाता यावं म्हणून जा.

पहिला हमाल, मग पेढी. ही बातमी त्याला दुसऱ्याकडून कळणं हा आणखी एक अपमान होईल. एकटे जा. पाळकांना बरोबर घेऊ नका, हातात बायबल किंवा पत्रकं नकोत, तो प्रचाराचा दिवस नाही. बोलणं चार वाक्यांचं ठेवा: "गल्ल्यातले पैसे मी घेतले होते. तुमच्यावर आळ आला तेव्हा मी तिथं होतो आणि गप्प बसलो. तुमचं नुकसान झालं ते मला भरून द्यायचंय. पेढीवर आणि ज्यांच्यासमोर तुम्हाला काढलं त्यांच्यासमोर मी हे सांगणार आहे, तुम्हाला चालेल तसं आणि चालेल तेव्हा." मग थांबा. 'पण', 'त्या वेळी घरची परिस्थिती', 'सैतानानं भुलवलं' यातलं काही नाही. आणि एक वाक्य तर अजिबात नको: 'देवानं मला क्षमा केली आहे.' त्याच्या ओटीवर बसून ते म्हणणं म्हणजे त्याचा चेक तुम्ही परस्पर वटवणं. माफी मागा, पण पावती मागितल्यासारखी नको. पैसे न्या, पण पाकीट आधी पुढं सरकवू नका. किती दिवस काम मिळालं नाही, कोणाचं देणं झालं, हे तो सांगेल ते लिहून घ्या. तो हाकलून देईल, शिव्या देईल, वर्षभर तोंड बघणार नाही. तो त्याचा हक्क आहे. त्यानं पहिल्या वहीतलं काही बदलत नाही.

पेढीवर मालकाच्या मुलाला सांगा. त्या वेळचे जे हमाल, तोलाईदार अजून यार्डात आहेत त्यांच्यासमोर सांगा. रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगायची गरज नाही. पाप जेवढ्या लोकांत झालं तेवढ्यांत कबुली पुरे. त्याहून मोठी सभा भरवली की माणसाला त्यातही गोडी लागते.

येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत, त्याच्याबद्दल एक बोलायचं राहिलं, ते रंकाळ्याशी जोडलेलं आहे म्हणून. त्याला दुःख झालं, निर्दोष रक्ताचा विश्वासघात केला असं त्यानं तोंडानं कबूल केलं, तीस नाणीही परत टाकली. हिशेबाच्या नजरेनं त्यानं सगळं केलं. पण तो याजकांकडे गेला. ते म्हणाले, तुझं तू बघ. आणि तो तिथूनच निघून गेला, आणि त्या निराशेतच त्याचा अंत झाला. दुसरा शिष्य पेत्र, त्यानं त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं होतं. तो परत काय करणार, नाकारलेले शब्द परत करता येत नाहीत. तो फक्त रडला, आणि पुढं किनाऱ्यावर येशू आहे असं कळताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. मत्तय यहूदाबद्दल ग्रीकमध्ये जो शब्द वापरतो तो 'मागाहून वाईट वाटणं' असा आहे. येशू ज्या पश्चात्तापाकडे बोलावतो त्याचा शब्द वेगळा आहे, मन वळवण्याचा. वाईट वाटणं तुमच्याकडे चौदा वर्षांचं साठलंय. आता वळायचं बाकी आहे.

प्रभुभोजनाची भीती १ करिंथ ११ मुळे बसली असणार. तिथं 'अयोग्य प्रकारे' घेण्याबद्दल बोलणं आहे. करिंथात काही जण आधीच पोटभर जेवत होते आणि गरीब उपाशी राहत होते, त्यावर ते ताशेरे आहेत. तुमच्यासाठी मत्तय ५:२३-२४ जास्त लागू आहे: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत थांबायचं नाही. हमालाकडे जाऊन आलात, पाळकांशी बोललात, की त्यानंतरच्या प्रभुभोजनाला या.

गावी जायचा दिवस मात्र रविवार ठेवू नका. उपासनेचं निमित्त तयारच असतं आणि पुढचा रविवार, पुढचा रविवार करत पावसाळा येईल. मधल्या वारी, सकाळच्या पहिल्या एसटीनं जा.